फाउंडेशनचं अनुदान दर वेळी नाकारलं जातंय? प्रस्ताव पुन्हा लिहिण्याआधी फाइल उघडा

काम खरं आहे, फोटो भरपूर आहेत, गावातली माणसं साक्षीला उभी राहायला तयार आहेत. तरी दर वर्षी तेच उत्तर येतं: "या वेळी आपल्या प्रस्तावाचा विचार करता आला नाही." मग कार्यकारिणी बसते, कुणीतरी म्हणतं इंग्रजी कमी पडलं, आणि प्रस्ताव ओळखीच्या प्राध्यापकांकडून नव्यानं लिहून घेतला जातो. पुढच्या वर्षी पुन्हा नकार.

नागपूर विभागातल्या लहान स्वयंसेवी संस्थांच्या बाबतीत दोष बहुतेक वेळा प्रस्तावासोबत जोडलेल्या कागदांत असतो, आणि त्यातला बराचसा एक रुपया न खर्चता दुरुस्त होतो. खालची तपासणी सोप्यापासून अवघडाकडे लावली आहे. क्रम मोडू नका. थेट शेवटच्या पायरीवर वकिलाकडे धावलात तर फी जाईल आणि चूक पॅनकार्डावरच्या एका अक्षरात निघेल.

आधी लक्षण ओळखा

नकार कोणत्या टप्प्यावर आला, यावरून बिघाडाची जागा कळते.

ऑनलाइन अर्ज पुढेच सरकत नाही, किंवा चार-आठ दिवसांत छापील मजकुराचा मेल येतो: तुमचा प्रस्ताव कुणी वाचलेलाच नाही. पात्रतेच्या चाळणीत किंवा कागदांत अडकलात. तपासणी १ ते ३.

महिनाभर शांतता, मग "आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही": विषय, तालुका किंवा रक्कम जुळली नाही. तपासणी १, ५ आणि ६.

फोन येतो, उत्साहानं कागद मागवतात, कागद दिल्यावर फोन बंद: ऑडिट किंवा विश्वस्तांची यादी. तपासणी ४ आणि ७.

गावाला भेट देतात, भेट झकास होते, तरी पैसे येत नाहीत: अंदाजपत्रक. किंवा क्षेत्रातल्या कार्यकर्त्याला आणि प्रस्तावाला वेगवेगळे आकडे माहीत आहेत. तपासणी ५, ६.

पहिला हप्ता मिळतो, दुसरा अडकतो: यात प्रस्तावाचा काही संबंध नाही. पावत्यांचा प्रश्न आहे, तो तपासणी ४ च्या शेवटी.

लक्षण नक्की कळत नसेल तर दोन ओळींचा मेल टाका: "पुढच्या वेळी सुधारणा करता यावी म्हणून विचारतो, अर्ज पात्रतेच्या टप्प्यावर थांबला की मूल्यमापनाच्या?" कारण विचारलं तर बहुधा उत्तर मिळत नाही. टप्पा विचारला तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त, कारण त्यात कुणाला सफाई द्यावी लागत नाही.

तपासणी १: हे फाउंडेशन तुम्हाला देऊ तरी शकतं का?
*खर्च शून्य, वेळ एक तास.*

"फाउंडेशन" या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या कायद्यांचा पैसा फिरतो.

पहिला, देशातल्या धर्मादाय न्यासांचा स्वतःचा पैसा. दुसरा, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे कायद्यानं समाजकामावर करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नक्त मालमत्ता, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अनुसूची ७ मधल्या विषयांवर खर्च करावी लागते. बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं तर त्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणून दीड वर्षाच्या संस्थेनं कितीही सुंदर लिहिलं तरी कंपनीचा अधिकारी हो म्हणू शकत नाही. तिसरा, परदेशी पैसा. त्याला परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि खातं नवी दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेत हवं. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. "पुण्याच्या मोठ्या संस्थेच्या खात्यातून आपल्याला मिळेल" ही वाट तेव्हाच बंद झाली.

इथंच एक आडवाट. अमेरिकेतल्या भाच्यानं संस्थेच्या साध्या बचत खात्यात पाचशे डॉलर टाकले असतील तर आधी त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, मग हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) का असेना, ती परदेशी देणगी ठरते, आणि एफसीआरएशिवाय ती घेणं गुन्हा आहे. अशी नोंद ताळेबंदात सापडली तर पुढचं काही करण्याआधी सी.ए. गाठा.

भूगोलही याच तासात तपासा. सीएसआरमध्ये कंपनीच्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायचं, असं कायदाच सांगतो. वेस्टर्न कोलफील्ड्स (कोळशाची, म्हणजेच वेकोलि) आणि मॉईल (मँगनीजची) या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत. पण वेकोलिच्या खाणी सावनेर, उमरेड, चंद्रपूर, वणीकडे आणि मॉईलच्या मनसर, कांद्री, गुमगाव, डोंगरी बुजुर्ग, बालाघाटकडे. मनसरशेजारच्या गावातलं पाण्याचं काम मॉईलकडे नेण्यात अर्थ आहे. नरखेडच्या संत्रा बागायतदारांचं प्रशिक्षण तिथं नेऊन वर्ष वाया घालवण्यात नाही. सरकारी कंपन्यांना आकांक्षित जिल्ह्यांकडे (केंद्रानं विकासात मागे म्हणून निवडलेल्या) लक्ष द्यायच्या सूचना आहेत. विदर्भातले असे जिल्हे गडचिरोली आणि वाशिम. तिथं तुमचं खरंच काम असेल तर ते पहिल्या पानावर आणा. नसेल तर अर्जापुरतं गडचिरोली लिहू नका, पहिल्याच भेटीत उघडं पडतं.

आणि वेळ. कंपनीची सीएसआर समिती वार्षिक कृती आराखडा करून संचालक मंडळापुढे ठेवते. आराखडा ठरल्यावर, म्हणजे मे-जूनमध्ये गेलात तर "पुढच्या वर्षी बघू" ऐकावं लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा बोलणी सुरू करायचा काळ.

तपासणी २: नाव सगळीकडे एकच आहे का?
*खर्च शून्य ते काहीशे रुपये.*

आपल्याकडच्या निम्म्या पाट्यांवर "बहुउद्देशीय" हा शब्द असतो, आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक टायपिस्टनं आपापल्या मर्जीनं केलेलं असतं. नोंदणी प्रमाणपत्रावर दोन यू, पॅनकार्डावर एक, बँकेत "बहू." असं तोडलेलं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर शेवटी "नागपूर" जोडलेलं. माणसाला ती एकच संस्था दिसते. पोर्टल पॅनवरचं नाव अक्षर-अक्षर जुळवतं आणि नाकारतं.

एक कागद घ्या, उभ्या रांगेत लिहा: संस्था नोंदणी प्रमाणपत्र, सार्वजनिक न्यास प्रमाणपत्र, पॅन, १२एबी आदेश (संस्थेची आयकर सवलत), ८०जी आदेश (देणगीदाराची करसवलत), दर्पण, सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी), बँक पासबुक. प्रत्येकासमोर नाव जसंच्या तसं, टिंबासकट उतरवा. फरक दिसला की नोंदणी प्रमाणपत्राला मूळ मानून बाकीचं त्याप्रमाणे दुरुस्त करा, आणि सुरुवात पॅनपासून करा. दर्पण, सीएसआर-१ आणि आयकर पोर्टल या तिन्ही ठिकाणी पडताळणी पॅनवरूनच होते, त्यामुळे उलट्या क्रमानं गेलात तर तेच काम दोनदा होतं. मूळ प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा, कार्यकारिणीचा ठराव करा आणि तो ठराव प्रत्येक दुरुस्ती अर्जाला जोडा.

याच कागदावर क्रमांकांचा रकानाही घाला. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंदवली जाते. म्हणून तुमच्याकडे दोन क्रमांक असतात, एक संस्थेचा आणि एक "एफ" पासून सुरू होणारा न्यासाचा. एका अर्जात हा, दुसऱ्यात तो, असं झालं की तपासणाऱ्याला दोन वेगळ्या संस्था दिसतात.

तपासणी ३: मुदती
*खर्च शून्य. चूक निघाली तर मात्र पुढे सी.ए.ची फी.*

१२एबी आणि ८०जी नोंदणी पूर्वी कायमची असायची. १ एप्रिल २०२१ पासून ती मुदतीची झाली. जुन्या संस्थांनी फॉर्म १०ए भरला आणि पाच वर्षांचा आदेश मिळवला. नव्या संस्थांना तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते.

सगळ्यांत जास्त माणसं घसरतात ती आदेशावरच्या एका ओळीवर. तिथं "निर्धारण वर्ष २०२२-२३ ते २०२६-२७" असं छापलेलं असतं. ते वाचून मार्च २०२७ पर्यंत निश्चिंत राहणारे सचिव कमी नाहीत. निर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६. ही नोंदणी ३१ मार्च २०२६ ला संपली, आणि नूतनीकरणाचा अर्ज संपण्याच्या सहा महिने आधी द्यायचा असतो. देणगीदाराच्या सी.ए.ला हे पाठ असतं. त्यानं तुमचा आदेश उघडला की पहिली नजर तिथंच.

त्याला एवढी फिकीर का, हे समजून घ्या. धर्मादाय न्यासाला स्वतःच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी कामावर लावल्याचं दाखवावं लागतं. दुसऱ्या न्यासाला दिलेल्या रकमेतले ८५ टक्केच त्यात मोजले जातात, तेही घेणाऱ्याची नोंदणी जिवंत असेल तरच. म्हणजे तुमची मुदत संपली तर कर त्यांच्या डोक्यावर बसतो. कॉर्पससाठी, म्हणजे कायम निधी म्हणून मुदतठेवीत टाकायला पैसे मागितले की सरळ नकार का येतो, याचंही कारण हेच: दुसऱ्या न्यासाच्या कॉर्पसला दिलेली रक्कम त्यांच्या हिशेबात खर्च म्हणून धरलीच जात नाही. कॉर्पस मागू नका.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्यानं कलमांचे आकडे बदलले आहेत. अर्जात जुने आणि नवे दोन्ही लिहा, कारण लोकांच्या तोंडी "बारा ए, ऐंशी जी" एवढंच आहे. वार्षिक उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या संस्थांना २०२५ च्या वित्त कायद्यानं १२एबीचं नूतनीकरण दहा वर्षांसाठी मिळण्याची सोय केली आहे. पाच वर्षांचाच आदेश आला तर सी.ए.ला विचारा.

दर्पण आणि सीएसआर-१ इथंच बघून घ्या. दर्पणवर जुने पदाधिकारी दिसत असतील तर बदला. सीएसआर-१ क्रमांक नसेल तर कोणतीही कंपनी तुमच्यामार्फत सीएसआरचा खर्च करू शकत नाही. तो फॉर्म भरायला विश्वस्ताची डिजिटल सही आणि व्यावसायिक सी.ए., सी.एस. किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणन लागतं.

तपासणी ४: तीन वर्षांचं ऑडिट, देणगीदाराच्या नजरेनं
*वेळ एक दिवस. चहा करून बसा.*

ऑडिट आहे एवढं पुरत नाही. पुढच्या गोष्टी शोधा.

यूडीआयएन. १ जुलै २०१९ पासून सी.ए.च्या प्रत्येक ऑडिट अहवालावर हा १८ अंकी क्रमांक असावाच लागतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. नसेल तर देणगीदार अहवाल बनावट धरून चालतो.

मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक आणि पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक रुपयापर्यंत जुळते का? सी.ए. बदललेल्या वर्षात ती हमखास चुकते.

धर्मादाय आयुक्तांकडे दिलेला परिशिष्ट ८ चा ताळेबंद आणि परिशिष्ट ९ चं उत्पन्न-खर्च पत्रक, आणि आयकर विवरणपत्रातले आकडे, एकच आहेत का? दोन ठिकाणी दोन माणसांनी भरल्यावर वेगळे पडतात. देणगीदार दोन्ही मागतो.

अध्यक्षांचं घर संस्थेचं कार्यालय आहे आणि त्याचं भाडं जातंय का? सचिवांच्या सूनबाई समन्वयक आहेत का? विश्वस्तांच्या नातलगांना दिलेला प्रत्येक रुपया आयकराच्या नजरेत वेगळ्या रकान्यात जातो. दर बाजारभावाचा आणि ठराव लिहिलेला असेल तर हे चालतं. लपवलेलं चालत नाही. तसंच "अध्यक्षांकडून हातउसने": न्यासासाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि हातउसनं हेही कर्जच. ताळेबंदात ही रक्कम वर्षानुवर्षं वाढत असेल तर प्रस्तावासोबत खुलासा जोडा. विचारेपर्यंत थांबू नका.

रोखीचे खर्च. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून जास्त रोख दिली तर ती रक्कम धर्मादाय खर्चात धरली जात नाही. शिबिराच्या जेवणाचं ४५,००० चं रोख बिल म्हणजे लाल दिवा.

देणग्यांच्या पावत्या दिल्या पण फॉर्म १०बीडी (आयकर विभागाला देणग्या कळवण्याचा) भरला नाही, असं झालंय का? त्याची मुदत ३१ मे, उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आणि वर दंडाची तरतूद. देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळालं नाही की त्याची करसवलत अडते, आणि तो पुन्हा फिरकत नाही.

आता दुसऱ्या हप्त्याचं. तो अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एकच बिल दोन देणगीदारांना दाखवलेलं असतं, बऱ्याचदा निव्वळ गोंधळातून. रबरी शिक्का करून घ्या: "खर्च अमुक अनुदानातून, रक्कम रु. ____". प्रत्येक मूळ व्हाउचरवर तो मारा. टॅलीत प्रत्येक अनुदानाला वेगळं कॉस्ट सेंटर ठेवा. एका शीर्षाचे पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर आधी लेखी विचारा. खर्च करून मग सांगितलं तर उपयोगिता प्रमाणपत्रावर तो खर्च खोडला जातो आणि तेवढी रक्कम संस्थेला पदरची भरावी लागते.

तपासणी ५: अंदाजपत्रक
*खर्च शून्य, वेळ दोन-तीन संध्याकाळी. सगळ्यांत जास्त फळ इथंच.*

"शैक्षणिक साहित्य २,००,०००, प्रवास १,००,०००, मानधन ६,००,०००, इतर ५०,०००." असं अंदाजपत्रक वाचणाऱ्याला एकच कळतं, की आकडे आधी ठरले आणि काम नंतर. प्रत्येक ओळ गुणाकाराची असली पाहिजे: नग, दर, महिने.

समजा कुही तालुक्यातल्या १२ जिल्हा परिषद शाळांत वाचनाचा उपक्रम करायचा आहे, प्रत्येकी साधारण ६० मुलं, एकूण ७२०. मग:

कार्यकर्ते ४ × १४,००० × ११ महिने = ६,१६,०००
त्यांचा प्रवास ४ × २,५०० × ११ = १,१०,०००
पुस्तकं १२ शाळा × २०० × ९० रुपये = २,१६,०००
कपाटं १२ × ९,००० = १,०८,०००
शिक्षक प्रशिक्षण ४ दिवस × २४ शिक्षक × ३५० = ३३,६००
समन्वयक, निम्मा वेळ, २८,००० × ५०% × १२ = १,६८,०००
हिशेबनीस, पाचवा हिस्सा, २०,००० × २०% × १२ = ४८,०००
ऑडिट १५,०००
एकूण १३,१४,६००, म्हणजे दर मुलामागे सुमारे १,८२६ रुपये.

दर इथं नमुन्याचे आहेत. तुमचे तुमच्या मागच्या बिलांवरून घ्या आणि मोठ्या खरेदीला तीन कोटेशनं ठेवा. मानधन किमान वेतनाच्या खाली दाखवू नका. "आमचे कार्यकर्ते सेवाभावी आहेत" हे कौतुकाचं वाक्य कंपनीच्या अधिकाऱ्याला कामगार कायद्याचा धोका म्हणून ऐकू येतं.

हिशेबनीस आणि समन्वयक वगळण्याची आपल्याकडे सवय आहे. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प आखायचा, राबवायचा, त्यावर देखरेख ठेवायचा थेट खर्च त्यात येत नाही. म्हणून "प्रशासकीय खर्च १०%" असा गठ्ठा लिहू नका, माणूस आणि त्याच्या वेळेचा हिस्सा लिहा. एफसीआरएत मात्र संस्थेच्याच प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. या दोन नियमांची सरमिसळ होऊ देऊ नका.

रक्कम संस्थेच्या आकाराला शोभते का, हेही बघा. मागच्या वर्षीचा एकूण खर्च सहा लाख असेल आणि मागणी पन्नास लाखांची, तर प्रस्ताव कितीही नेटका असो, तपासणारा विचारणारच: ही माणसं एवढे पैसे वर्षात जिरवणार कसे? पहिल्या वेळी मागच्या वर्षीच्या खर्चाच्या निम्म्याच्या आसपास मागावं, हा आमचा ठोकताळा. नियम नाही, पण टिकलेल्या संस्था बहुधा असंच चढत गेलेल्या दिसतात.

तपासणी ६: गावाचे आकडे आणि विदर्भाचं वेळापत्रक

"परिसरातील शेकडो गरजू विद्यार्थी" खोडा. शाळेचं नाव, ११ अंकी यूडायस कोड (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), इयत्तावार पट लिहा. जिल्हा परिषद शाळेत शिरायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांचं (प्राथमिक) परवानगी पत्र, महापालिकेच्या शाळेत महापालिकेच्या शिक्षण विभागाचं, आणि गावपातळीच्या कामाला ग्रामपंचायतीचा ठराव. पत्र "मिळणार आहे" असेल तर तसंच लिहा, सोबत अर्जाची पोच जोडा.

पायाभूत माहितीसाठी एजन्सी नेमायची गरज नाही. चार शाळा, प्रत्येकी ३० मुलं, एका शाळेला एक दिवस. प्रत्येक मुलाला वेगळं बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यांतलं कुठपर्यंत वाचता येतं ते एका तक्त्यात टिपा. १२० मुलांचा हा तक्ता दहा पानी प्रास्ताविकापेक्षा वजनदार ठरतो. वर्षअखेर तोच तक्ता पुन्हा भरला की अहवालही तयार.

वेळापत्रक मुंबई-बंगळुरूच्या साच्यातलं उचलू नका. मेच्या उन्हात इथं शाळा नाहीत, आणि विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. "१५ जून: मुलांची चाचणी" असं लिहिलं की नागपूर ओळखणारा वाचक तिथंच थांबतो. शेतीचं काम असेल तर दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू झाल्यावर बायांचं प्रशिक्षण लावू नका, एकही बाई येणार नाही. संत्र्याच्या पट्ट्यात, काटोल-नरखेडला, आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत आणि मृगाची पावसाच्या तोंडावर. प्रशिक्षणाच्या तारखा त्यावरून ठरवा.

मग क्षेत्रातल्या कार्यकर्त्याला प्रस्ताव मराठीत वाचून दाखवा. त्याला किती शाळा, किती मुलं, दर मुलामागे किती खर्च हे तोंडपाठ हवं. भेटीच्या दिवशी पाहुणे प्रश्न त्यालाच विचारतात, आणि अध्यक्षांनी मधे बोलून सावरलं तर जास्तच खटकतं.

तपासणी ७: विश्वस्तांची यादी
*इथून पुढे पैसा आणि महिने दोन्ही लागतात.*

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ ची (न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्याची) प्रमाणित नक्कल काढा. घरात पडलेली दहा वर्षांपूर्वीची नको, आजची. तिच्यात बरेचदा वारलेले अध्यक्ष आणि गाव सोडून गेलेले कोषाध्यक्ष अजून विश्वस्त म्हणून उभे असतात. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत न्यास कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट (बदल अहवाल) द्यायचा असतो. निवडणूक झाली, इतिवृत्त लिहिलं, पेढे वाटले आणि रिपोर्ट राहून गेला, ही नेहमीची गत.

देणगीदाराला यानं फरक पडतो कारण करारावर सही करणाऱ्याचं नाव परिशिष्टात नसेल तर तो करार कुणी केला हेच ठरत नाही. बँकही खात्यावरच्या सह्या बदलायला हाच उतारा मागते.

एकच रिपोर्ट राहिला असेल आणि वाद नसेल तर उशीर माफ करण्याच्या अर्जासह तो दाखल करा. तोवरच्या प्रस्तावाला दाखल रिपोर्टाचा क्रमांक, पोच आणि एका पानाचा खुलासा जोडा. प्रामाणिक खुलासा बरेच देणगीदार स्वीकारतात.

इथं थांबा आणि माणूस गाठा

धर्मादाय कार्यालयात नेहमी उभा राहणारा वकील या वेळी लागतो: दोनपेक्षा जास्त निवडणुकांचे चेंज रिपोर्ट थकले असतील, दोन गटांनी परस्परविरोधी रिपोर्ट दाखल केले असतील, संस्थेची जागा अध्यक्षांच्या नावावर असेल आणि त्यावर बांधकामासाठी पैसे मागायचे असतील, विश्वस्तांविरुद्ध चौकशी सुरू असेल. दोन गटांचा वाद असताना अर्जच करू नका. आलेले पैसे गोठले तर देणगीदार कायमचा जातो.

सी.ए. या वेळी लागतो: १२एबीची मुदत उलटून गेली असेल, मागच्या तीनपैकी एखाद्या वर्षाचं विवरणपत्र भरलंच नसेल, साध्या खात्यात परदेशी रक्कम सापडली असेल, किंवा न खर्चलेलं अनुदान पुढच्या वर्षात नेताना ८५ टक्क्यांचा हिशेब बसत नसेल. यांतलं काहीही स्वतः पोर्टलवर बसून "ट्राय" करू नका. चुकीच्या प्रकारात भरलेला अर्ज फेटाळला गेला तर मूळ नोंदणीही धोक्यात येते.

दोघंही एकत्र लागतात ते उद्दिष्टं बदलायची असतील तेव्हा. संस्थेच्या घटनेत क्रीडा आणि सांस्कृतिक कार्य लिहिलंय आणि तुम्ही कुपोषणावर पैसे मागताय, तर सर्वसाधारण सभा, धर्मादाय कार्यालयातली मंजुरी, आणि बदल झाल्यापासून ३० दिवसांत आयकर विभागाकडे नव्यानं अर्ज, अशी साखळी आहे. मधली कडी राहिली तर १२एबी हातची जाते. संस्थेचा लाभ ठरावीक जातीपुरता किंवा धर्मापुरता, असं घटनेत लिहिलं असेल तरीही आधी सल्ला घ्या, करसवलतीचा प्रश्न तिथंच उभा राहतो.

आणि एका माणसाला मात्र गाठू नका. "ग्रँट मंजूर करून देतो, दहा टक्के द्या", "आधी प्रोसेसिंग फी भरा", किंवा "खात्यात एक कोटी येतील, साठ लाख अमक्याला परत करा" असं सांगणारा. चांगलं फाउंडेशन अर्जासाठी पैसे घेत नाही. तिसऱ्या प्रकारात तर तुमचं खातं दुसऱ्याचा काळा पैसा फिरवायला वापरलं जातं आणि सह्या तुमच्या विश्वस्तांच्या असतात. प्रस्ताव लिहून देणाऱ्याला ठरावीक फी द्या, मंजूर रकमेवर टक्केवारी नाही.

वकिलाकडे किंवा सी.ए.कडे जाताना हे बरोबर न्या: नावांचा तो एकपानी तक्ता, परिशिष्ट १ ची ताजी नक्कल, घटना आणि नियमावली, इतिवृत्ताचं मूळ पुस्तक, तीन वर्षांची ऑडिट आणि विवरणपत्रं, १२एबी-८०जीचे आदेश, बँकेचं तीन वर्षांचं स्टेटमेंट. इतिवृत्ताचं पुस्तक सापडत नसेल तर ते आधी सांगा. जुन्या तारखा घालून नवं पुस्तक लिहू नका.